एर्ना शेफलर : गुप्त मतांतून न्यायासनापर्यंत

कार्ल्सरूहे येथील संघीय घटना न्यायालयात न्यायाधीशांच्या खंडपीठाला ‘सेनेट’ म्हणतात. १९५१ साली हे न्यायालय स्थापन झाले, तेव्हा दोन सेनेटांत मिळून चोवीस न्यायाधीशांची तरतूद होती आणि त्यांत स्त्री एकच होती : डॉ. एर्ना शेफलर.

त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १८९३ रोजी ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रॉत्सवाफ शहरात झाला. १९१४ मध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. परंतु वकील वा न्यायाधीश होण्यासाठी आवश्यक असलेली राज्य परीक्षा तेव्हा स्त्रियांना देताच येत नसे. १९२२ च्या कायद्याने ही अट गेली. पुढे त्यांनी बर्लिनमध्ये वकिली केली आणि त्या न्यायाधीशही झाल्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. वडील ज्यू वंशाचे, एवढ्या कारणावरून त्यांना सेवेतून काढण्यात आले. गेओर्ग शेफलर यांच्याशी विवाह करण्यासही वंशविषयक कायद्यांची आडकाठी होती. तो विवाह १९४५ मध्ये, राजवट कोसळल्यानंतरच होऊ शकला.

युद्धानंतर त्या पुन्हा न्यायसेवेत आल्या. १९५० मध्ये फ्रांकफुर्टच्या विधिज्ञ परिषदेत त्यांनी स्त्रीपुरुष समानतेवर व्याख्यान दिले. नव्या राज्यघटनेने समानता मान्य केली असली, तरी जुन्या कुटुंबकायद्यात पतीचा वरचष्मा तसाच होता. पुढच्याच वर्षी त्यांची कार्ल्सरूहेला निवड झाली.

ही निवड कशी होत असे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. निम्मे न्यायाधीश बुंडेसराट हे राज्यांचे सभागृह निवडी, तर उरलेले निम्मे बुंडेस्टागची बारा सदस्यांची समिती निवडी. या समितीत प्रारंभी नऊ मतांची अट होती. समितीतील चर्चा आणि मतदान यांविषयी सदस्यांना कायद्यानेच मौन पाळावे लागे. त्यामुळे कोणत्या खासदाराने कोणाला मत दिले व का दिले, हे त्याच्या मतदारांना विचारता येत नसे. ज्या वर्षी नाझींनी घरी बसवलेल्या शेफलर यांची निवड झाली, त्याच वर्षी विली गायगर हेही घटना न्यायालयात आले. नाझी काळात त्यांनी बाम्बेर्गच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील म्हणून काम केले होते आणि मृत्युदंडाची शिक्षा मिळवली होती. पुढे ते १९७७ पर्यंत न्यायाधीश राहिले. एका निवडीचे श्रेय कोणाला द्यावे आणि दुसरीचा जाब कोणाला विचारावा, दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले.

शेफलर बारा वर्षे पहिल्या सेनेटमध्ये होत्या. २९ जुलै १९५९ रोजी या सेनेटने एक महत्त्वाचा निकाल दिला. मुलाबाबत आईवडिलांचे एकमत न झाल्यास अंतिम शब्द पित्याचा, ही संसदेने अवघ्या दोन वर्षांपूर्वी पुन्हा संमत केलेली तरतूद त्या निकालाने रद्दबातल ठरली. मात्र याच सेनेटने १९५७ मध्ये समलिंगी पुरुषांना शिक्षा देणारे कलम वैध ठरवले होते. वेगळे मत जाहीरपणे नोंदवण्याची मुभा या न्यायालयात १९७० पर्यंत नव्हती. त्यामुळे त्या निकालात कोणत्या न्यायाधीशाचे मत कोणत्या बाजूला पडले, हेही बाहेर आले नाही.

तरीही न्यायाधीशाचे मौन आणि खासदाराचे मौन यांत फरक आहे. न्यायालयाला निकालाची कारणे लेखी द्यावी लागतात. ती वाचून त्यांवर टीका करता येते, पुढच्या पिढ्यांना ती खोडूनही काढता येतात. निवड करणाऱ्या लोकप्रतिनिधीने मात्र मतही सांगितले नाही आणि कारणही दिले नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदले जाते व निवडणुकीत त्याचा हिशेब मागितला जातो. भारतात न्यायवृंदाच्या बंद दारांबद्दलचा वाद आपल्या परिचयाचा आहे. उघड मतदान पक्षशिस्तीच्या दावणीला बांधले जाते, ही जर्मनांची शंका अगदीच निराधार नाही. बंद दाराआड झालेल्या तडजोडीतूनच शेफलर यांच्यासारखी व्यक्ती निवडून आली असेल, असेही म्हणता येईल.

२०१५ पासून ही निवड बुंडेस्टागचे पूर्ण सभागृह करते, पण चर्चेविना आणि गुप्त मतपत्रिकेने. जुलै २०२५ मध्ये फ्राउके ब्रोझिउस-गेर्सडोर्फ यांच्या नावावरून सत्ताधारी आघाडीत फूट पडली, ठरलेले मतदान ऐनवेळी रद्द झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी माघार घेतली. एकाही सदस्याचे मत नोंदले गेले नाही. त्यांना कोणी अडवले, याचे नावनिशीवार उत्तर मतदारांना मतनोंदीतून मिळणार नाही.

एर्ना शेफलर १९६३ मध्ये निवृत्त झाल्या आणि २२ मे १९८३ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. स्त्रीला परीक्षेला बसू न देणाऱ्या आणि वंशावरून नोकरी हिरावणाऱ्या सत्तेला निदान कायद्यात तसे लिहावे लागले होते. म्हणूनच त्या अन्यायांवर बोट ठेवता आले आणि ते कायदे बदलता आले. न नोंदलेल्या मतावर असे बोट ठेवता येत नाही. आज जर्मन नागरिकत्व घेऊन मतदान करणाऱ्या मराठी माणसानेही आपल्या खासदाराला हा प्रश्न विचारायला हवा : मत गुप्त ठेवायचे तर ठेवा, पण उमेदवाराविषयीची आपली कारणे तरी सभागृहात उघडपणे मांडायला काय हरकत आहे?