झीज ओळखणारा कारखानदार

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. कारखान्याभोवती वसलेल्या वाडीवरून रेल्वे स्थानकाचे नाव पडावे, असा मान फार थोड्या उद्योजकांच्या वाट्याला आला आहे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांना मराठी समाज लोखंडी नांगराचे जनक म्हणून ओळखतो. मात्र नांगर तयार करणे हा त्यांच्या कामाचा अर्धाच भाग होता. शेतात झिजणारे लोखंड वेळीच ओळखणे, ते बदलता येईल अशी सोय करणे आणि त्या सोयीच्या बळावर शेतकऱ्याचा विश्वास मिळवणे हा उरलेला अर्धा भाग होता, आणि तो अधिक कठीण होता.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाला मात्र पोथीपेक्षा चित्रांची आणि यंत्रांची ओढ होती. चित्रकार होण्याच्या इच्छेने लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांच्या दृष्टीत रंगांधळेपणाचा दोष असल्याचे आढळले आणि रंगांची वाट बंद झाली. त्यांनी यांत्रिक रेखनाकडे मोर्चा वळवला व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. रेषेत चूक झाली की भाग जुळत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

याच काळात सायकल त्यांच्या आयुष्यात आली. मुंबईतून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णा यांनी त्या विकायच्या, गिऱ्हाइकांना चालवायला शिकवायचे, अशी व्यवस्था ठरली. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो, तो याच सायकलींच्या व्यवसायापासून. पदोन्नतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी १८९७ च्या सुमारास नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

त्या काळची सायकल विलायतेहून येई. तिची किंमत शेकड्यांत असे आणि ती वापरणारा वर्ग मूठभर होता. पुष्कळ सायकलींचा ब्रेक म्हणजे दांड्याने पुढच्या टायरवर दाबली जाणारी एक लहानशी पट्टी. ब्रेक लावला की पट्टीही झिजे आणि टायरही. सुटा भाग हवा असेल तर जहाजाची वाट पाहावी लागे. अशा वेळी दुकानदाराला सायकल खोलून पाहणे, कोणता भाग किती खराब झाला आहे हे पारखणे आणि शक्य असेल तेथे तो स्वतःच तयार करणे भाग पडे. नवे यंत्र विकताच विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही, हे या व्यवसायात रोज दिसत होते.

सायकलींपाठोपाठ वैरण कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी खोलवर मुरलेली असते. लाकडी नांगर माती उकरत असे, ती उलटवत नसे. लोखंडी नांगराने ती उलटता येत होती. परंतु लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत घट्ट होती. पहिले सहा नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली.

या समजुतीमागे अज्ञान होते, तशी व्यवहाराची रास्त शंकाही होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो दुपारपर्यंत नीट करून देई. लोखंडी नांगर मोडला तर काय? पेरणीचे दिवस मोजके असतात. मृगाचा पाऊस कोणाच्या नांगराची वाट पाहत नाही. नांगर दुरुस्तीसाठी पंधरा दिवस अडकून पडला तर तेवढ्यात वर्षाचे पीक हातचे जाई. म्हणून शेतकऱ्याला नांगराइतकीच त्याच्या सुट्या भागांची खात्री हवी होती.

नांगरात सर्वांत आधी झिजतो तो फाळ. दगडगोट्यांवर आणि वाळूवर घासून त्याची धार बोथट होते. बोथट फाळ जमिनीत कमी शिरतो, बैलांवरचा ताण वाढतो आणि नांगरट उथळ राहते. ओतारीपुढे येथे मोठा पेच असतो. बीड मऊ राहिले तर फाळ लवकर झिजतो. ते कठीण केले तर ठिसूळ होते आणि दगडावर आपटून तुटते. साच्यात ज्या जागी कठीणपणा हवा तेथे लोखंडी ठोकळा बसवला, तर त्याला टेकलेले बीड झटकन थिजून पांढरे व कठीण होते आणि बाकीचा भाग चिवट राहतो. मिश्रण आणि थिजण्याचा वेग यांचा मेळ मात्र पुनःपुन्हा ओतून, तोडून, तपासूनच बसतो. विलायती नांगरांशी स्पर्धा करणाऱ्या कारखान्याला ही परीक्षा टाळता येण्याजोगी नव्हती. आणखी एक अट होती. आज ओतलेला फाळ दोन वर्षांपूर्वी विकलेल्या नांगरावर अचूक बसला पाहिजे. येथे यांत्रिक रेखनाचे जुने शिक्षण उपयोगी पडले.

व्यवसाय मूळ धरू लागला, तोच बेळगाव नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा मागितली आणि लक्ष्मणरावांना गाशा गुंडाळावा लागला. त्या वेळी आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध हे एक लहानसे संस्थान होते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तेथील अधिपती. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेबांनी औंधच्या यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांना दिले होते. कारखाना उठल्याचे कळताच त्यांनी संस्थानच्या हद्दीतील कुंडलजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि बिनव्याजी कर्जही दिले. औंधच्या आश्रयाने पुढे कराडजवळ ओगलेवाडीचा काच कारखानाही उभा राहिला. सातारा-सांगली पट्ट्यातील उद्योगाच्या इतिहासात या छोट्या संस्थानाचे ऋण मोठे आहे.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. निवडुंग आणि सापांनी भरलेले ते माळरान होते. पाण्याची वानवा होती. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशी माणसे लक्ष्मणरावांच्या भोवती जमली. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रखवालदार म्हणून नेमले आणि त्या माणसांनीही विश्वास सार्थ केला. कामगारांसाठी घरे, शाळा, दवाखाना, झाडी असे आखीव गाव हळूहळू उभे राहिले.

पहिल्या महायुद्धात विलायती माल बंद झाल्याने देशी नांगरांची मागणी वाढली, पण कच्चे लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या भट्टीत वितळून त्यांचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखाना व ग्राहक यांना जोडणाऱ्या या पत्रातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक आकाराला आले. साताऱ्याजवळ सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर निघू लागले. या दोन नावांनी पश्चिम महाराष्ट्राच्या शिवारात लोखंडी नांगर कायमचा रुजवला.

नांगरानंतर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप आले. प्रत्येक यंत्राबरोबर झिजेचा प्रश्न नव्या रूपात पुढे येई. ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात चरकाचा भाग तुटला, तर तोडलेला ऊस फडावरच वाळतो. पंप थांबला, तर उभे पीक करपते. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. त्यांच्यासह नव्या पिढीने पुढे हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे व्यवसायाचा विस्तार केला.

लक्ष्मणरावांच्या हयातीतच वाहनांचे तंत्र पार बदलले. टायरवर दाबणारी पट्टी मागे पडली. १९२१ साली अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले आणि पुढील काही दशकांत ते सर्वत्र रूढ झाले. या ब्रेकमध्ये झिजेचे रूप अदृश्य झाले. आपल्याकडे ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात तो ग्लायकॉलवर आधारित द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट-३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. खंबाटकी किंवा पसरणी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की उष्णता वाढते. जुना द्रव उकळला तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचे पेडल पोकळ होते. बाटलीतील पातळी पूर्ण दिसत असली तरी आतील द्रव निकामी असू शकतो. म्हणून गॅरेजमध्ये त्यातील पाण्याचे प्रमाण किंवा उत्कलनबिंदू तपासून घ्यायचा आणि वाहन उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा दोन वर्षांनी, तो बदलायचा. बोथट फाळ निदान डोळ्यांना दिसतो, हे ऑइल तेवढीही सूचना देत नाही.

लक्ष्मणरावांच्या वृद्धापकाळी घातलेला घाव याहून मोठा होता. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवून दिला. ज्या माळावर चार दशके खपून गाव वसवले, तेथे जळके सांगाडे उरले. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. तरीही कारखाना पुन्हा उभा राहिला आणि यंत्रे फिरू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने तिकीट काढून त्यांचा गौरव केला. त्यांच्या हयातीत कुंडलचा मुलूख आधी औंध संस्थानात आणि मग दक्षिण सातारा जिल्ह्यात होता. तो सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला १९६० साली. दरम्यान औजारेही बदलली. बैलांच्या नांगराची जागा बहुतेक शिवारांत ट्रॅक्टरने घेतली. पण ट्रॅक्टरच्या नांगराचाही फाळ झिजतोच आणि हंगामाआधी तो बदलून घेणारा शेतकरीच मृगाला तयार असतो. दोन वर्षांत जेमतेम सहा नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातली धास्ती नेमकी हीच होती. ती ओळखून दूर केली, म्हणूनच कुंडलच्या माळावर गाव वसले.