सरखेल कान्होजी आंग्रे : चाचे की दर्याचे धनी?



लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या रानात, झाडांच्या वर डोके काढून, सुमारे ६३ फूट उंचीचा एक तिकोनी बुरूज उभा आहे. आम्ही वर्गाची सहल तिकडे नेली ती खरे सांगायचे तर डबे खाऊन मोकळ्या हवेत खेळावे म्हणून. पण बुरुजाचे नाव वाचून मोठ्या गटातील मुले थबकली. सेव्हर्नड्रूग कॅसल! हे नाव मराठी जिभेने सावकाश उच्चारून पाहा. सुवर्णदुर्ग! कोकणात हर्णैच्या समोर, समुद्रात उभा असलेला आपला सुवर्णदुर्ग.

विल्यम जेम्स या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याने १७५५ साली तो किल्ला घेतला. पुढे तो वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ हा बुरूज बांधला. किल्ला घेतला कोणाकडून? आंग्र्यांकडून. एवढे ऐकताच आमच्या एका विद्यार्थ्याने सांगितले की, त्याच्याकडच्या समुद्री चाच्यांच्या पुस्तकात 'अँग्रिया' नावाचा एक चाचा आहे. मग आपण वर्गात ज्यांचे गुणगान करतो ते कान्होजी चाचे होते का, असा त्याचा सरळ प्रश्न होता. घाईघाईने नाही म्हणून टाकणे आम्हाला बरे वाटले नाही. म्हणून या अंकाचे चरित्र कान्होजींचे.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले असे सांगतात. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते आणि त्यांची नेमणूक सुवर्णदुर्गावर होती. त्यामुळे कान्होजींचे बालपण हर्णैच्या परिसरात, कोळ्यांच्या होड्यांत आणि भरती-ओहोटीच्या तालावर गेले. जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला तेव्हा किल्लेदार फितूर होऊ लागला. तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला लढवला, शत्रूच्या हाती सापडले, तरी निसटून समुद्रातून पोहत परत आले, अशी कथा आहे. कथेत थोडे मीठ-मसाला असेलच, पण सुवर्णदुर्ग मराठ्यांकडे राहिला हे खरे.

ते दिवस फार कठीण होते. संभाजी महाराज गेले, रायगड पडला आणि राजाराम महाराज दूर जिंजीला होते. अशा वेळी किनारा सांभाळणारे थोडेच उरले. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्यानंतर, १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. त्यांचा किताब 'सरखेल', म्हणजे आरमाराचा मुख्य.

आता थोडे समुद्राविषयी, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. कोकण ही सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. भात पिकते, पण सगळ्यांना पुरेल असे नाही. मासळी, मीठ, नारळ आणि सुरतेपासून मलबारपर्यंत चालणारी मालाची ने-आण यांवर किनारा जगत असे. जहाजे बांधणारे सुतार, शिडे शिवणारे, तांडेल, खलाशी या सगळ्यांचे पोट दर्यावर होते. कान्होजींच्या जहाजांवर कोळी, भंडारी, गाबीत, खारवी होते, दालदी मुसलमान होते आणि काही युरोपीय माणसेही नोकरीस होती.

हा समुद्र मात्र दुसऱ्यांनी आपला मानला होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हिंदी जहाजांना परवाना घ्यायला लावत. परवाना नसेल तर जहाज जप्त! इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. कान्होजींनी तेच केले. आमच्या किनाऱ्यावरून माल न्यायचा असेल तर आमचे दस्तक घ्या आणि जकात भरा, असा नियम त्यांनी लावला. घाटातून बैल नेताना जकात द्यावी लागे, तशी पाण्यावर. हजारो मैलांवरून आलेल्यांनी परवाना मागितला तर तो कारभार आणि किनाऱ्यावरच्या माणसाने मागितला तर ती चाचेगिरी, हे आम्हाला तरी पटत नाही.

इंग्रजांशी भांडण मुख्यतः यावरूनच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाला सूट मिळाली तरी इतर व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजी निशाणाखाली जाई. कान्होजींचे म्हणणे, ही पळवाट आहे. इंग्रजांचे म्हणणे, आमच्या निशाणाला हात लावायचा नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजींच्या जहाजांनी मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज पकडले. त्या लढाईत कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. हा भाग आम्ही मुलांपासून लपवत नाही. दस्तकाच्या मागे तोफेचा धाक होता आणि लुटल्या गेलेल्या जहाजांत आपल्याच देशातील व्यापाऱ्यांचा मालही असे.

त्यांची जहाजे कशी होती? मोठ्या जहाजाला 'गुराब' म्हणत. त्याला दोन-तीन डोलकाठ्या असत आणि नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, थेट समोर मारा करणाऱ्या तोफा असत. लहान 'गलबत' वल्ह्यांवरही चाले. दोन्हींचे बूड उथळ, म्हणून ती खाडीत सहज शिरत. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी उभे राही. तेव्हा गलबते गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला आणत, कारण तिथे तोफा कमी. आधी शिडे आणि डोलकाठ्या फोडायच्या आणि मग जहाजावर चढायचे. मुलांनी हे फळ्यावर काढून पाहिले आणि नंतर अर्धा तास वर्गात नुसती आरमारी लढाई चालू होती!

इकडे छत्रपतींच्या घरात सातारा आणि कोल्हापूर असे दोन पक्ष पडले होते. कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूचे. शाहू महाराजांनी पाठवलेल्या पेशव्याला, बहिरोपंत पिंगळ्यांना, त्यांनी कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले. तेही श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणचेच. लढाईऐवजी समेट झाला, शाहू महाराजांनी सरखेली कायम केली आणि अनेक किल्ले कान्होजींच्या ताब्यात राहिले.

यानंतर शत्रूंनी एकामागून एक प्रयत्न केले. इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली विजयदुर्गावर हल्ला केला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून सुमारे ६,००० माणसे कुलाब्यावर चालून आली. तेव्हा बाजीराव पेशवे मदतीला धावले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज रिकाम्या हाताने परतले. १७२४ साली डचांनीही विजयदुर्गावर नशीब आजमावले. एकही किल्ला पडला नाही. ४ जुलै १७२९ रोजी अलिबागेत कान्होजी वारले, तोपर्यंत त्यांचे आरमार अजिंक्य होते.

पुढचे सांगताना जीव जड होतो. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली, दौलतीचे दोन भाग झाले. धाकटे तुळाजी पराक्रमी, पण पेशव्यांशी त्यांचे पटेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. शूटर्स हिलचा बुरूज ज्या विजयासाठी उभा आहे, त्यात मराठ्यांचाही हात होता! फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशव्यांचे आरमार नंतर धुळपांनी चालवले, पण कान्होजींच्या वेळचा दरारा परत आला नाही.

तर आमच्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे : चाचा कोणत्याही राज्याचा नसतो. कान्होजी छत्रपतींचे नेमलेले अधिकारी होते, त्यांचे किल्ले होते, प्रजा होती, त्यांनी तह केले आणि परवाने दिले. त्यांची पद्धत कठोर होती, तशी त्या काळी त्या समुद्रावर सर्वांचीच होती. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे किल्ले २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले.

विद्यार्थ्याने हे ऐकून घेतले, पण पुस्तकवाल्यांना पत्र लिहायचे त्याने ठरवले आहे. मसुदा मराठीत तयार झाला आहे, इंग्रजी भाषांतराला पालकांची मदत हवी आहे.

सुट्टीत भारतात जाणाऱ्यांपैकी कोणी अलिबागला गेलेच, तर गावातील कान्होजींची समाधी पाहा. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. चारी बाजूंना खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. मात्र भरतीची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारूनच निघा आणि छायाचित्रे वर्गात दाखवायला आणा.