न खपलेला नांगर

परीक्षांचे निकाल लागले, म्हणजे आमच्या कचेरीत सल्ला विचारण्यास येणाऱ्या पालकांची ये-जा सुरू होते. वर्तमानपत्र चालविणाऱ्या वकिलास मुलांच्या भवितव्याविषयी इतरांहून अधिक काय ठाऊक असणार, हा प्रश्न आम्हीच आम्हांस अनेकदा विचारला आहे. तथापि लोक येतात आणि विचारतात. गेल्या आठवड्यात असेच एक व्यापारी गृहस्थ आपल्या धाकट्या चिरंजीवास घेऊन आले. मुलाचे चित्त यंत्रांत रमते. घराशेजारच्या कारखान्यात लेथ चालतो, तेथे तो तासन्‌तास उभा राहतो, आणि पुढे त्यास तेच काम शिकावयाचे आहे. वडिलांचे म्हणणे असे की, हातच काळे करावयाचे होते, तर इतकी वर्षे शाळेची फी कशास भरली? एखादी कायमची, खुर्चीवरची जागा मिळेल अशी परीक्षा आम्ही सुचवावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आम्ही काहीतरी मोघम बोलून त्यांस निरोप दिला. ते गेल्यावर मात्र आमच्या मनास रुखरुख लागून राहिली. कारण तो मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्यास आम्ही उत्तर दिलेच नव्हते.

ते उत्तर आज देत आहोत. आमच्या पदरच्या उपदेशापेक्षा एका पुरुषाचे चरित्र सांगणे अधिक उपयोगाचे, असे आम्हांस वाटते. हा पुरुष म्हणजे किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. म्हणजे मुलांच्या पुढच्या वाटेची चिंता घरोघर चालू असते, त्याच दिवसांत त्यांची जयंती येते.

लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. अशा घरातील मुलाने पोथी किंवा पदवी यांपैकी काही एक हाती धरावे, अशीच कोणाचीही कल्पना असणार. परंतु या मुलाचे शाळेत लक्ष लागेना. त्यास दोनच गोष्टींची आवड होती, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण वडील बंधू रामूअण्णा यांच्या द्रव्यसाहाय्याने, 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांस कळून आले की, आपल्या डोळ्यांस काही रंगांतील भेद दिसत नाही. ज्याने चित्रकार व्हावयाचे ठरविले, त्यास याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला. परंतु रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंगांची गरज नसते. ती विद्या त्यांनी हस्तगत केली, आणि तिच्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांस साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

नोकरी मिळाली की शिक्षण संपले, असे मानणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण त्या नोकरीतच झाले. जी यंत्रे कागदावर काढून दाखवावयाची, ती ते स्वतः चालवून पाहत. याच काळात बेळगावास भावाभावांचा सायकलींचा धंदा उभा राहिला. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घेऊन पाठवाव्या, रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या आणि गिऱ्हाइकास वर बसावयास शिकवून त्याचीही फी घ्यावी, अशी ती व्यवस्था होती. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा हक्काची जागा लक्ष्मणरावांस न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. अशा प्रसंगी आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य काय करतो? तो अर्ज करतो; अर्ज नामंजूर झाला, म्हणजे पुन्हा अर्ज करतो; आणि निवृत्त होईपर्यंत त्या अन्यायाची कथा घरातल्यांस ऐकवीत बसतो. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावास त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि नंतर लोखंडी नांगर. देशी लाकडी नांगर जमीन ओरखडत जातो. लोखंडी नांगर खोल शिरून माती उलथी करतो आणि हराळीची मुळे वर काढतो. हा फरक कोणाही कुणब्याच्या ध्यानात येण्याजोगा होता. तरीही पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीस विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. वाचकहो, या दोन वर्षांचा नीट विचार करावा. माल तयार आहे, तो चांगला आहे, आणि गिऱ्हाईक त्यास हात लावीत नाही. परीक्षेत नापास झालेल्यास सहा महिन्यांनी पुन्हा बसता येते. परंतु या परीक्षेचा निकाल केव्हा लागणार, हेही सांगण्यास कोणी नसते. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी धंदा बदलला असता, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनी तो बदलला नाही, एवढ्यातच त्यांच्या पुढील सर्व यशाचे बीज आहे.

नांगर खपू लागतो न लागतो, तोच दुसरे संकट आले. गावाची नवी वस्ती वसवावयाची म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम दिला. या सुमारास औंध येथील सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी संबंध आला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी या चित्रकला सोडलेल्या कारागिराची योग्यता ओळखली. 1910 साली त्यांनी आपल्या संस्थानात कुंडलरोड स्टेशनाजवळ 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन कसली, तर निवडुंगाने भरलेला माळ, आणि त्या माळावर नागांचा सुळसुळाट. तेथे सुमारे 25 कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव राहावयास गेले. पुढे त्या स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

या वसाहतीत माणसे कोण होती, हे पाहणे विशेष बोधप्रद आहे. वस्तीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे होती. शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत. अनंतराव फळणीकर शाळेत नापास झालेले. ते कारखान्यात तयार होऊन इंजिनिअर झाले. ज्यांच्यावर समाजाने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, अशा माणसांस लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले, आणि तो विश्वास वाया गेला नाही. अस्पृश्यतेस त्या वस्तीत थारा नव्हता. जातीने, परीक्षेने अथवा न्यायालयाने ज्यांस बाजूस सारले, त्यांच्या हातून उत्तम माल निघू शकतो, याचा हा पुरावा होय. आम्ही वकील लोक पुरावा मागतो. येथे तो लोखंडात ओतलेला आहे.

1914 साली महायुद्ध सुरू झाले आणि परदेशचा माल येईनासा झाला. मागणी वाढली, पण लोखंड, कोळसा आणि रंग ही तिन्ही दुर्मिळ झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. स्वदेशीवर आजवर जी व्याख्याने झाली, त्या सर्वांपेक्षा ही एक गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते.

1920 साली कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी मालाच्या जाहिरातीसाठी काढलेली खबर पुढे महाराष्ट्राच्या घरोघर वाचले जाणारे मासिक बनली. 1926 च्या सुमारास पाण्याचे पंप निघू लागले. 1941 साली हरिहर येथे यंत्रे करण्याची यंत्रे तयार करणारा कारखाना निघाला, आणि 1946 साली पुण्यास तेलाची इंजिने व बंगळुरास विजेची यंत्रे करणाऱ्या कंपन्या स्थापन झाल्या. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव वारले, तेव्हा स्वतंत्र झालेल्या देशाच्या शेतांवर त्यांच्या नावाचे नांगर आणि पंप चालू होते.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, शिक्षण व्यर्थ आहे; शाळा सोडावी आणि हातोडा धरावा. हा अर्थ चुकीचा आहे. लक्ष्मणरावांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रसंस्थेत पाठविले, आणि 1926 साली तेथील पदवी घेऊन ते परत कारखान्यातच आले. आमचा कटाक्ष आहे तो या परतण्यावर. आज इंजिनिअरिंगची कॉलेजे गावोगाव आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. लक्ष्मणरावांस जे ज्ञान वणवण करून मिळवावे लागले, ते आज फी भरून मिळते. परंतु कागदावर यंत्र काढणारा मुलगा यंत्राजवळ उभा राहण्यास लाजतो, आणि प्रशिक्षण संस्थेत मुलास घालणे ही नापासाची शिक्षा आहे असे त्याचे आईबाप मानतात. ही समजूत, लोखंडाने जमिनीस विष चढते या समजुतीहून तिळमात्र शहाणपणाची नाही. शेतकऱ्याने आपली समजूत दोन वर्षांत टाकली; आपण सुशिक्षितांनी आपली अद्याप टाकलेली नाही.

व्यापारी वाचकांसही दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. लक्ष्मणरावांची चिकाटी कितीही असली, तरी माळावरची 32 एकर जमीन आणि ते दहा हजार रुपये नसते, तर ती चिकाटी बेळगावच्या हद्दीबाहेर कोठेतरी विझली असती. संस्थानिक आता राहिले नाहीत. ती जागा घेण्याचे सामर्थ्य आज कोणाकडे असेल, तर ते बाजारपेठेतील भांडवलाकडे. सोन्यात आणि जमिनीत पैसा सुरक्षित राहतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यातील थोडका अंश एखाद्या होतकरू कारागिरावर लावण्याची, आणि त्याचा माल दोन वर्षे न खपला तरी धीर धरण्याची तयारी आपल्यात आहे काय? आपल्याच शहरात तयार झालेली वस्तू पहिल्या वर्षी दुकानात मांडण्याचे धाडस आपण करतो काय? ही उत्तरे प्रत्येकाने आपल्या खतावणीत शोधावी.

आम्ही स्वतः कायद्याची पदवी घेतली, आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. तथापि हेही कबूल केले पाहिजे की, आमच्या धंद्यात जी संपत्ती एका पक्षाच्या पदरी पडते, ती दुसऱ्या पक्षाच्या पदरातून आलेली असते. जेथे काल निवडुंग होता, तेथे आज माणसांच्या मीठभाकरीची सोय झाली, असे म्हणण्याचा अधिकार वकिलास नाही. तो कारखानदारास आहे.

आता त्या गृहस्थांस आमचे उत्तर. आपल्या चिरंजीवास लेथजवळ उभे राहू द्यावे. त्यास गणित आणि रेखाटन पक्के शिकवावे, चांगल्या संस्थेत घालावे, आणि तो काम शिकून बाहेर पडला, की नोकरी केव्हा लागणार हा प्रश्न त्यास दोन वर्षे विचारू नये. त्याच्या हातांस तेल लागेल, त्याची पहिली वस्तू कदाचित कोणी घेणार नाही, शेजारीपाजारी हसतील. त्या दिवसांत घरातले कोणी त्याच्या पाठीशी उभे राहिले, तर त्याचा निभाव लागेल. लक्ष्मणरावांस रामूअण्णा होते. आपल्या मुलास त्याचा बाप आहे.