ड्युईंची शाळा

तत्त्वज्ञानाच्या तासाला फलप्रामाण्यवाद शिकताना जॉन ड्युई भेटतात ते विल्यम जेम्सच्या पाठोपाठ. परीक्षेपुरत्या चार ओळी पाठ केल्या की आपण त्यांना विसरतो. पण या तत्त्ववेत्त्याने एक प्राथमिक शाळा काढली होती आणि ती त्याच्या हातून गेली, ही हकीकत त्या चार ओळींत येत नाही.

ड्युईंचा जन्म १८५९ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन या गावी एका दुकानदाराच्या घरी झाला. १८८४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि दहा वर्षांनी ते शिकागो विद्यापीठात आले. पूर्वी घरोघर सूत कातले जाई, मेणबत्त्या बनत. मुले ते पाहत आणि हातभारही लावीत. शहरातल्या मुलाला मात्र कापड दुकानातच दिसते. घरातून गेलेले हे शिक्षण शाळेत परत आणावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

जानेवारी १८९६ मध्ये सोळा मुलांची शाळा सुरू झाली. सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम हेच तिथले मुख्य विषय. एकदा मुलांपुढे कच्चा कापूस आणि लोकर ठेवली. अर्धा तास खपून एका गटाला सरकीपासून एक औंससुद्धा कापूस वेगळा करता आला नाही. आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरीत, हे त्यांना बोटांनी कळले! तिथून मग यंत्रांचा इतिहास, भूगोल, हिशेब असे सारे ओघाने येई. ही मौज नव्हती. शिक्षकांना त्यासाठी दुप्पट तयारी करावी लागे.

शाळा एकट्या शिक्षकांची नसावी, हा ड्युईंचा आग्रह होता. एप्रिल १८९९ मध्ये त्यांनी पालकांना जमवून आपण काय करतो आहोत ते व्याख्यानांतून समजावून सांगितले. 'शाळा आणि समाज' या अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक त्यांतूनच झाले. जेन ॲडम्स यांच्या 'हल हाऊस' या सेवाकेंद्रात त्यांचे जाणे-येणे असे. देशोदेशींचे गरीब स्थलांतरित तिथे एकमेकांत मिसळत. शाळाही वस्तीचे असे भेटण्याचे ठिकाण व्हावी, असे त्यांनी १९०२ साली मांडले. त्यांनी आपल्या एका मुलीचे नावही जेन ठेवले होते.

तोवर शाळेत १४० मुले झाली होती. पण विद्यापीठाकडे आणखी एक शाळा आली, दोन्ही एकत्र करण्याचे ठरले. पालकांनी विरोध केला, पैसेही उभे केले. अखेर १९०३ मध्ये शाळा एक झाल्याच. मुख्याध्यापिका होत्या ड्युईंच्या पत्नी ॲलिस. त्यांची नेमणूक एकाच वर्षापुरती आहे असे पुढे निघाले, तेव्हा १९०४ साली दोघांनी राजीनामे दिले. ज्याने सहकार्याचे शिक्षण मांडले त्याच्या शाळेचा शेवट असा कचेरीतल्या बेबनावात व्हावा, हे मनाला लागते. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांचा मुलगा गॉर्डन विषमज्वराने गेला. आधीचा एक मुलगा, मॉरिस, १८९५ साली इटलीतच दगावला होता.

पुढे ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचे शिष्य किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्प पद्धती' या नावाखाली हा विचार मांडला आणि तो जगभर पसरला. मात्र मुलांना मोकळे सोडले की झाले, असा अर्थ काही शाळांनी काढला. १९३८ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ड्युईंनी एक छोटे पुस्तक लिहून आपल्याच अनुयायांना खडसावले. नुसता अनुभव पुरत नाही, तो पुढच्या अनुभवाकडे नेणारा हवा आणि ती जबाबदारी शिक्षकाची, हा त्याचा रोख. माझ्या मते विद्यार्थ्याने त्यांचे प्रथम हेच पुस्तक वाचावे.

कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात त्यांच्यापुढे बसलेल्यांत भीमराव आंबेडकर हे विद्यार्थी होते. ड्युईंचे आपल्यावर ऋण आहे असे त्यांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात लिहिले. १९५२ च्या ५ जूनला त्याच विद्यापीठाने डॉ. आंबेडकरांना सन्मान्य पदवी दिली. ड्युई त्याआधी चारच दिवस, १ जूनला, ब्याण्णवाव्या वर्षी वारले होते.