वाढदिवसाला चार दिवस उरले होते

आजचं वाचन : योहान १२:२४



आजचं वचन मातीत पडणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी आहे. ते वाचलं की मला रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आठवतात.

हिस्लॉप स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे. जन्म ८ सप्टेंबर १८१७. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन मंडळीनं त्यांना मिशनरी म्हणून पाठवलं आणि १८४५ साली ते पत्नीसह नागपूरला आले. तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं. ते मराठी शिकले, शाळा काढली, गावोगाव सुवार्ता सांगत फिरले. बाप्तिस्मा घेणारे मात्र थोडेच.

पण हा माणूस वाटेवरचा दगडसुद्धा देवाच्या हातचा म्हणून उचलून बघायचा. १८५१ मध्ये नागपूरजवळ टाकळीला त्यांना खडकात जीवाश्म सापडले. एका खनिजाला पुढं हिस्लोपाइट असं नाव मिळालं. दगड वाचले तशीच माणसंही वाचली. गोंडांजवळ बसून त्यांची भाषा, गाणी, चालीरीती टिपून घेतल्या.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटजवळची जुनी शिलावर्तुळं पाहून झाली होती. संध्याकाळी घोड्यावरून बोरीकडं परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. शेहेचाळिसाव्या वाढदिवसाला फक्त चार दिवस उरले होते.

आपण बारामती-इंदापूरकडची माणसं. कोरडा ठणठणीत ओढा वर पाऊस झाला की कसा अंगावर येतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच हे मरण मला जवळचं वाटतं आणि टोचतंही. इतकं काम हातात असताना प्रभूनं सेवकाला मध्येच का नेलं?

पुढं काय झालं ते बघा. त्यांची गोंडांवरची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली. त्यांच्या शाळेच्या कामातूनच १८८३ मध्ये नागपूरचं हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. यातलं काहीच त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही.

संडेस्कूलला चारच पोरं येतात म्हणून तुमचं मन खचलंय का? घरातल्या एकासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करून थकलात का? ज्वारी पेरणारा दुसऱ्या दिवशी माती उकरून दाणा बघत नाही. आपणही आज पेरू या. कापणी कुणाच्या हातून करून घ्यायची, ते धनी ठरवील.

प्रार्थना : प्रभू, फळ दिसलं नाही तरी पेरत राहायला आम्हाला बळ दे. आमेन.