हिमांशू राय : मालाडचे साहेब

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं घर मालाडला. वेस्टला सोमवारी बाजाराजवळ बॉम्बे टॉकीज कंपाउंड आहे. तिथल्या वर्कशॉप्सची खडखड ऐकतच मी मोठी झाले. टॉकीज म्हणजे एखादं जुनं थिएटर असणार, असंच मला वाटायचं. प्रत्यक्षात तो स्टुडिओ होता आणि तो उभारला हिमांशू राय यांनी.

राय बंगाली, जन्म १८९२ चा. वकिली शिकायला लंडनला गेले आणि नाटक-सिनेमात रमले. १९२५ साली जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर त्यांनी गौतम बुद्धांवर मूकपट केला. १९२९ मध्ये देविका राणींशी लग्न झालं आणि १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज सुरू झाली. लिमिटेड कंपनी, जर्मन तंत्रज्ञ, स्वतःची लॅब! आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं एकदम सिस्टिमॅटिक.

पण या सिस्टिमची खरी परीक्षा लवकरच झाली. 'जीवन नैया'चं शूटिंग चालू असताना हिरोइन देविका राणी आणि हिरो नजमुल हसन दोघंही काम अर्धवट टाकून कलकत्त्याला निघून गेले. साउंड विभागातले शशधर मुखर्जी यांनी मध्यस्थी केली आणि देविका राणी परत आल्या. त्यांना कामावर घेतलं. नजमुलला मात्र काढून टाकलं. त्याच्या जागी लॅबमधला एक लाजाळू मुलगा उभा केला, तो म्हणजे अशोक कुमार. १९३६ मध्येच 'अछूत कन्या' आला आणि ही जोडी गाजली.

आपण ही गोष्ट अशोक कुमारांचं नशीब म्हणून सांगतो. मला मात्र नजमुल आठवत राहतो. चूक एकच, माणसं दोन, शिक्षा एकाला. कंपनीची अडचण मला समजते. देविका राणींशिवाय पिक्चर विकला नसता. पण इथे राय मालकही होते आणि नवरेही, म्हणजे ज्याचं दुखावलं तोच न्यायाधीश! कितीही सज्जन माणूस असला तरी अशा वेळी तराजू हलणारच.

राय १९४० मध्ये गेले. १९४६ साली कारखान्यांसाठी स्थायी आदेशांचा कायदा आला, तेव्हा मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. गैरवर्तन कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवा, आरोप लेखी द्या, माणसाला बोलू द्या, मगच शिक्षा करा, हा त्याचा गाभा. तो कामगारांसाठी होता, सिनेमाच्या हिरोंसाठी नव्हे, पण तत्त्व तेच.

हे आत्ता का लिहितेय? गेल्या सुट्टीत एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. दोघे जण मशीन चालू ठेवून चहाला गेले. कंत्राटी पोऱ्याला संध्याकाळीच गेटबाहेर काढलं, पर्मनंटवाल्याला फक्त तंबी. दोघांना जाताना मी पाहिलं होतं. कोणी मला विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

उद्या आपल्यातलेच काही जण शॉप फ्लोअरवर साहेब होतील. सही करण्याआधी दुसऱ्याचंही ऐकून घ्या, एवढंच सांगायचं होतं. मलाही.