जुल्फारचे इब्न माजिद

जुल्फार हे नाव तुम्ही औषधाच्या खोक्यावर वाचले असेल. ते मूळचे रास अल खैमाजवळच्या एका जुन्या बंदराचे. अहमद इब्न माजिद यांचा जन्म तेथे 1432च्या सुमारास झाला. त्यांचे वडील आणि आजोबाही जहाजांचे वाटाडेच होते.

आम्ही संगणकाचे काम करतो. पडद्यावर आकड्यांचे तक्ते आणि आलेख मांडताना आम्हाला सारखे वाटते, घाईतल्या माणसाला हे एका नजरेत कळेल का? इब्न माजिद यांच्यापुढेही तोच प्रश्न होता. तिथे मात्र चुकले तर जहाज आणि त्यावरची माणसे जायची.

उत्तरेला गेले की ध्रुवतारा वर चढतो, दक्षिणेला गेले की उतरतो. अरबी खलाशी ही उंची बोटांत मोजत. एक बोट म्हणजे दीड अंशाहून थोडे अधिक. लाकडी फळीची खालची कड क्षितिजाला लावायची, वरची ताऱ्याला. फळीत ओवलेल्या दोरीची गाठ दातांत धरली की डोळ्यापासूनचे अंतर बदलत नाही. डुलत्या गलबतावर, अंधारात, कागदाशिवाय हे जमते. दुबईहून मुंबईला गेल्यावर ध्रुव सुमारे चार बोटे खाली दिसतो. (सुट्टीत मोजून पाहा. पालकांनीही!)

दिशांच्या वर्तुळाचे 32 भाग असत आणि त्यांना ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याची नावे असत. पूर्व म्हणजे ताइरचा, आपल्या श्रवणाचा, उदय. त्याच्या शेजारची थुरय्या म्हणजे आपल्या कृत्तिका. ही रीत पूर्वजांकडून आलेली. इब्न माजिद यांनी जुनी माहिती अनुभवाशी ताडून पाहिली आणि लिहून ठेवली. 1462 साली त्यांनी सागरविद्या हजारावर ओळींच्या पद्यात बांधली, म्हणजे पाढ्यांसारखी पाठ व्हावी. 1490च्या सुमारास 'किताब अल-फवाइद' हा मोठा गद्य ग्रंथ झाला. त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचीही माहिती आहे.

1498 साली वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला यांनीच आणले, असे बऱ्याच पुस्तकांत छापलेले असते. आम्हाला ते पटत नाही. पोर्तुगीज लेखक त्या वाटाड्याला गुजराती म्हणतात. इब्न माजिद यांचे नाव जोडणारा मजकूर मक्केतल्या एका इतिहासकाराने कित्येक दशकांनंतर लिहिला.

त्यांची शेवटची ज्ञात कविता 1500 सालची. पुढे त्यांचा माग लागत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून असलेली त्यांची हस्तलिखिते विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या हाती लागली.